बंदुकीचं कुंकू

मला डावा डोळा एकटा मिटता येत नव्हता. मिटायला गेलं की उजवाही त्याच्याबरोबर मिटायचा. कॉलेजच्या नेमबाजीच्या वर्गातले आमचे मास्तर फौजेतून निवृत्त झालेले हवालदार होते, कोडगूचे. त्यांनी माझ्या डाव्या डोळ्यावर रुमाल बांधायचा ठरवला. मी साफ नाही म्हटलं. त्यापेक्षा घरी आरशासमोर उभी राहून एकेक डोळा मिटायचा सराव केला, तर नेमके आप्पा मागून आले. हे काय चाललंय, म्हणाले. मी म्हटलं, अभ्यास. खोटं नव्हतं ते.

पॉइंट टू टूची रायफल तशी हलकी असते, पण शिकणं हलकं नव्हतं. ताडपत्रीवर पालथं पडायचं, कोपरं सोलून घ्यायची, अर्धा श्वास सोडून थांबायचं आणि घोडा इतका सावकाश दाबायचा की गोळी कधी सुटली ते आपल्यालाही कळू नये. सावकाश काही करणं माझ्या रक्तातच नाही. एकदा माझ्या पाचही गोळ्या शेजारणीच्या पुठ्ठ्यात गेल्या. तिच्या पुठ्ठ्याला दहा भोकं, माझा कोरा करकरीत. वर तीच मला म्हणाली, थँक्यू हं. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. पण पावसाळा सरेपर्यंत माझी पाच भोकं एका आठ आण्याच्या नाण्याखाली झाकली जायला लागली, आणि हवालदार मला "परवागिल्ला" म्हणाले, म्हणजे ठीक आहे. त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ झालं.

दसऱ्याला म्हैसूरच्या सामन्यांसाठी चौघींची निवड व्हायची होती. आप्पांनी अट घातली, "निवड झाली तर जा म्हैसूरला. नाही झाली तर दिवाळीनंतर हुबळीची मंडळी बघायला येतील, तेव्हा तोंड वाकडं करायचं नाही." मुलगा रेल्वेत होता, चांगलाच असणार. माझं त्याच्याशी काही वाकडं नव्हतं, पण मला आत्ताच लग्न नको होतं. आई नुसतं "सरी" म्हणाली, म्हणजे बरं. वीस वर्षं बंगळुरात राहून ती आप्पांच्या प्रत्येक बोलण्याला "सरी" म्हणायला शिकली होती. मला तिचा रागच आला.

आदल्या दिवशी खंडेनवमी. बंगळुरात त्या दिवशी रिक्षापासून लेथ मशीनपर्यंत सगळ्याची पूजा होते, मग रायफली कशा सुटतील? हवालदारांनी त्या ओळीनं मांडल्या आणि मला सोडायला आलेल्या आईलाच म्हणाले, अक्का, तुमच्या हातानं होऊ दे. आईनं सगळ्यांच्या दस्त्यांवर एकेक बोट गंध आणि कुंकू लावलं. माझी रायफल कुठली ते मात्र तिनं विचारून घेतलं आणि तिला जरा जास्तच सजवलं. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, म्हणून खोलीला कुलूप लागलं.

दसऱ्याला सकाळी आई आणि आप्पा दोघंही निवड बघायला आले. हवालदारांनी फुलं बाजूला केली आणि रायफली आमच्या हातात दिल्या. मी पालथी पडले, अर्धा श्वास सोडला, नेम धरला, तर समोर अंधार. रायफलीच्या मागच्या बाजूला नेम बघायची एक गोल चकती असते, मधे बारीक भोक. आईला ती कपाळासारखी दिसली असणार. तिनं बरोब्बर मधोमध गंधावर ठसठशीत कुंकू लावलं होतं, आणि रात्रभरात ते भोकात वाळून घट्ट बसलं होतं.

बाजूच्या मुलींच्या गोळ्या सुरू झाल्या. "ओरसम्मा, बेगा ओरसु!" हवालदार ओरडले. पुसायला मलाही कळत होतं हो. पण कुंकू पुसायचं? सणाच्या दिवशी, आईच्या हातचं, आणि आई दहा पावलांवर उभी असताना? एरवी घरात सगळ्यांशी भांडणारी मी, अंगठा उचलेना. रडूच फुटायचं बाकी होतं. हवालदारांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवलं. बंदुका खाली ठेवायला लावल्या.

काय झालं ते बघायला आई पुढं आली. मागं आप्पा, हातातल्या घड्याळाकडे बघत. आईनं चकती पाहिली, मग माझं तोंड पाहिलं. ती खाली बसली, बांगडीत अडकवलेली पिन काढून भोक मोकळं केलं आणि पदरानं चकती लख्ख पुसली.

"अगं, कुंकू," मी म्हटलं.

"बंदुकीला नवरा नसतो," आई म्हणाली. "मार आता."

मी चौथी आले, पाचवीपेक्षा एका गुणानं पुढं. परतीच्या बसमध्ये आप्पांनी तिघांची तिकिटं काढली. मग घसा खाकरून त्यांनी आईला विचारलं, "हुबळीला काय कळवायचं?"

आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लिहा, मुलीला सध्या वेळ नाही."

आप्पा म्हणाले, "सरी."