अर्धी घासलेली तार

नवनाथचे हात नेहमी नवनाथच्या आधी पोचायचे. लग्नाला गेला तर अक्षता पडायच्या आत मांडवाची तिरकी झालर सरळ झालेली असायची. केस कापायला बसला तर गळ्याला कापड बांधलेलं असतानाच खाली वाकून खुर्चीचा ढिला बोल्ट आवळायचा. कुरुळीच्या त्या चाळीत कुणाच्या कुकरची शिट्टी बिघडली की बाया त्याच्या बायकोला हाक मारायच्या, "कस्तुरा, नवरा मोकळा आहे का गं?" नवरा मोकळा कधीच नसायचा, पण शिट्टीचं नाव काढलं की व्हायचा.

केजकडचं गाव सोडून तो इकडे आला तेव्हा दहावीचं वर्ष निम्म्यावर टाकून आला होता. बहुधा तेव्हापासूनच अर्धवट राहिलेल्या प्रत्येक गोष्टीशी त्याचं वैर जुळलं. ताटात अर्धी भाकरी नको, भिंतीला अर्धा रंग नको. नोकरीही देवानं त्याला बेतून दिली होती. महाळुंग्याच्या एका कंपनीत गाड्यांचे ब्रॅकेट तपासायचे, प्रत्येक नग फिरवून बघायचा, आणि काम पुरतं झालेलं असेल तर पिवळ्या पेंट मार्करनं त्यावर एक ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे ओके. तो मार्कर सुट्टीच्या दिवशीही त्याच्या खिशात असायचा. मोकळ्या खिशानं त्याला उघडं पडल्यासारखं वाटे.

तर अशा माणसाच्या घरात भौतिकशास्त्राचा गृहपाठ आला. उपाशी वाघापुढे शेळी बांधावी तसं झालं.

मुलगी स्वरूपा. नववीत असताना तिला कप्पीची प्रतिकृती करून न्यायची होती. नवनाथनं ती केली. बेअरिंग घातलेली, ग्रीस लावलेली, एका बोटानं फिरणारी. वर्गातला दिग्विजय, त्याचे वडील बबनराव म्हणजे कुरुळीचे मूळचे, स्वतःचं वर्कशॉप असलेले. ते काय मागे राहतात! त्यांनी मुलाला स्टीलच्या पाइपाचा पेरिस्कोप करून दिला. तो शाळेत आणायला दोन मुलं लागली. विज्ञान शिकवणारे धम्मरत्न सर तरुण, हसरे, पण जिभेला धार. पेरिस्कोप उचलायचा प्रयत्न करून ते म्हणाले, "दिग्विजय, यातून शत्रू दिसेल की नाही माहीत नाही, पण डोक्यात घातला तर नक्की पडेल." आणि स्वरूपाच्या कप्पीखाली लाल शाईत लिहिलं, "अप्रतिम. आता स्वरूपानेही एखादी करून पाहावी."

वर्ग खोखो हसला. स्वरूपा हसली नाही. त्या दिवसापासून तिला 'बेअरिंग' हे नाव पडलं.

आणि मग दहावीत विद्युत मोटर आली. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. सरांनी सांगून टाकलं, "मोटर स्वतः करायची. गुरुवारी पालकांनी यावं, बघावं, टाळ्या वाजवाव्यात. कुणाच्या मोटरीला पालकांचा हात लागलेला दिसला तर प्रात्यक्षिकाचे गुण निम्मे." गुरुवार मुद्दाम निवडला, कारण त्या दिवशी नवनाथसारख्या बऱ्याच जणांची सुट्टी.

घरी येऊन स्वरूपानं जाहीर केलं, "बाबा, या वेळी मी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलंय, माझ्या मोटरीला माझ्या बापाचा हात लागणार नाही. लागला तर बेअरिंग हे नाव मी कायमचं लावून घेईन."

"न्हाई लावत माय."

"शपथ घ्या."

"कुणाची?"

"तुमच्या मार्करची."

कस्तुरा भाकरी थापता थापता म्हणाली, "बघा हो, फार मोठी शपथ आहे. माझी घेतली असती तर चाललं असतं."

नवनाथनं छातीवर हात ठेवून, म्हणजे मार्करवरच ठेवून, शपथ घेतली.

पुढची संध्याकाळ म्हणजे एकपात्री प्रयोगच. स्वरूपा मार्करभोवती तार गुंडाळत होती. हो, त्याच मार्करभोवती. ती तिनं हक्कानं मागून घेतलेली वस्तू. वेढे एकमेकांवर चढत होते, वेटोळं बटाट्यासारखं होत होतं. समोर नवनाथ आपल्याच हातांवर बसला होता. तो उठे, खिडकीशी जाई, परत येई, घसा खाकरे. एकदा त्याचा उजवा हात नकळत पुढे सरकला. कस्तुरानं त्यावर लाटण्याचं टोक टेकवलं. हात परत गेला.

"माय, थोडं ताणून धर की."

"बाबा, सल्ला म्हणजे पण हातच."

"बरं. मग मी श्वास घेऊ का?"

"घ्या. पण माझ्याकडं बघून नको."

गुरुवारी सकाळी स्वरूपा आंघोळीला गेली. मोटर ओट्यावर ठेवलेली. नवनाथ चहाचा कप ठेवायला गेला, एवढंच. नजर गेली. सेफ्टी पिनांत अडकवायची तारेची दोन टोकं बाहेर आलेली, एका टोकावरचा लाखेचा लेप चहूबाजूंनी घासून काढलेला, तांबं लखलखतंय. आणि दुसरं टोक? वरच्या बाजूनं घासलेलं, खालच्या बाजूनं लेप तसाच!

अर्धं!

 लेकरू दमलं असेल, विसरलं असेल. असा नग शाळेत जाणार? सगळ्या पालकांसमोर? शपथ होती मोटर करायची नाही म्हणून. ही काय मोटर करणं झालं? हे तर नुसतं पुसून घेणं. झिरो पेपरचा, म्हणजे अगदी बारीक पॉलिश कागदाचा, तुकडा त्याच्या पाकिटात असेच. दोनदा फिरवला. टोक सोन्यासारखं उजळलं. नवनाथनं चहा संपवला, आणि तो चहा त्याला फार गोड लागला.

शाळेत बाकांवर पालक कोंबून बसले होते, गुडघे हनुवटीला टेकवून. दिग्विजयची मोटर भिरभिर फिरली. बबनरावांनी मिशीला पीळ दिला. "आमी कायबी केलं न्हाई बरं का सर. पोरानंच केली. मी दोन दिस वर्कशॉपला कुलूप लावून किल्ली बायकोकडं दिली व्हती."

मग स्वरूपाची पाळी आली. तिनं वेटोळं पिनांवर ठेवलं, खाली चुंबक सरकवलं, बोटानं हलकेच ढकललं. वेटोळं अर्ध्यापर्यंत गेलं आणि मागे आलं. पुन्हा गेलं, पुन्हा मागे. मोटर कुठली, तो पाळणा होता.

"झोपलं वाटतं बाळ," मागून कुणीतरी म्हणालं. "बेअरिंग जाम झालं!" दुसरा म्हणाला.

स्वरूपानं सेल बदलला. पिना दाबल्या. चुंबक उलटं केलं. पाळणा हलतच राहिला. तिचे कान लाल झाले. मग तिनं वेटोळं उचलून डोळ्याशी धरलं, तारेचं टोक फिरवून बघितलं आणि मान वळवून थेट बापाकडे पाहिलं.

नवनाथ छताच्या पंख्याकडे पाहत होता. इतक्या भक्तीनं त्या पंख्याकडे आजवर कुणी पाहिलं नसेल.

"काय झालं स्वरूपा?" सरांनी विचारलं. "का फिरत नाही? कारण सांगता आलं तर तेही चालेल."

स्वरूपाला सगळं कारण माहीत होतं. ती म्हणाली, "सर, अर्धा फेरा वीज वेटोळ्याला पुढे ढकलते. उरलेल्या अर्ध्या फेऱ्यात तीच वीज त्याला मागे खेचेल. म्हणून एक टोक अर्धंच घासायचं. अर्धा फेरा ढकलायचं आणि अर्धा फेरा गप्प बसायचं. वेटोळं आपल्याच वेगानं पुढे जातं. हे टोक पूर्ण घासलं गेलंय."

"कुणी घासलं?"

तिनं वेटोळं मुठीत झाकलं. बोलली तर गुण निम्मे, नाव बेअरिंग. न बोलली तर चूक तिची.

नवनाथची नजर पंख्यावरून खाली आली. कंपनीत दिवसभर लोकांच्या चुका शोधणारा माणूस, त्याला आपली चूक अशी सगळ्यांदेखत चमकताना दिसत होती. बाकातून उठताना गुडघा अडकला, बाक उचललं गेलं, शेजारचे बबनराव कलंडले.

"सर, मी घासलं. पोरीनं बरोबर केलं होतं. शिक्षा मला द्या, पाहिजे तर अंगठे धरून उभं करा. ते अर्धं दिसलं आणि माझ्याच्यानं राहवलं न्हाई."

वर्गात असं हसू फुटलं की शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावून गेले. सर हसू आवरत म्हणाले, "नियम म्हणजे नियम, गुण निम्मे. पण स्वरूपा, घंटा व्हायच्या आत ती तुझ्या हातानं दुरुस्त झाली, तर निम्म्याचे पुन्हा पूर्ण."

स्वरूपानं हात पुढे केला. "बाबा, मार्कर."

नवनाथनं खिशातून मार्कर काढला. टोपण उघडलं. "दे, मी हलकेच एक..."

"हात मागे!"

"धरा हो बबनराव," नवनाथ कळवळून म्हणाला. "तुम्हीच धरा, माझा भरवसा न्हाई."

"व्हय, या इकडं," म्हणत बबनरावांनी त्याचे दोन्ही हात पाठीमागे पकडून ठेवले.

स्वरूपानं चमकत्या टोकाच्या खालच्या बाजूवर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढली. वरचं तांबं उघडं, खालचं झाकलेलं. आता रंग वाळायला हवा. ती फुंकर घालू लागली. दिग्विजयनं येऊन फुंकर घातली. मग पहिलं बाक आलं, मग दुसरं. सगळा वर्ग गाल फुगवून त्या टीचभर तारेवर फू फू करू लागला.

"फुंकायला तर हरकत न्हाई ना?" मागून केविलवाणा आवाज आला.

"फुंका!" स्वरूपा म्हणाली.

नवनाथनं छाती भरून अशी फुंकर घातली की सरांच्या टेबलावरचे कागद उडाले.

वेटोळं पुन्हा पिनांवर बसलं. बोटाचा हलका धक्का. गेलं... अर्ध्यावर पोचलं... आणि मागे न वळता पुढे निघालं! बटाट्यासारखं ते वेटोळं डुगडुगत, डोलत, फुगडी घालत सुटलं. वेढे दिसेनासे झाले. बबनरावांनी टाळी वाजवायला नवनाथचे हात सोडले, आणि ते हात काय करावं हे न कळून बबनरावांच्याच गळ्यात पडले. बाहेर घंटा झाली, ती कुणी ऐकली नाही.

सरांनी वहीत पूर्ण गुण मांडले.

घरी जाताना रस्त्यात नवनाथ एकदम थांबला आणि त्यानं मनगट पुढे केलं. "बरं, मी? माझं काय? मला दे की एक ठिपका. कबूल केलं ना मी?"

स्वरूपानं त्याला वरपासून खालपर्यंत, वेगवेगळ्या बाजूंनी फिरवून तपासलं. मार्करचं टोपण काढलं आणि त्याच्या मनगटावर चंद्रकोरीसारखा अर्धाच ठिपका काढला.

"अर्धा?" नवनाथचा चेहरा पडला. "पूर्ण कर की माय."

"अजिबात नाही. आणि घरी जाऊन स्वतः करायचा नाही."

दुसऱ्या दिवशी शिफ्टला जाताना तो अर्धा ठिपका मनगटावर होता. लाइनवरच्या पोरानं विचारलं, "नाना, हे अर्धंच राहिलं की!" नवनाथचा डावा हात खिशातल्या मार्करकडे गेला, तिथे जरा घुटमळला, आणि तसाच परत आला.

"राहू दे," तो म्हणाला. "अर्ध्यावरच फिरतंय ते."