खेचराचा उजवा कान

ॲरिझोनाच्या वाळवंटात वर्लीन स्टकीनं चाळीस वर्षं शाळेची बस चालवली. पण ती पोटासाठी. तिचा खरा उद्योग डोंगर चढण्याचा. तिच्या हायकिंग क्लबच्या यादीत ब्याण्णव डोंगर होते, सगळे उघडेबोडके, काटेरी आणि पाण्याच्या नावानं ठणठणाट. शनिवार उजाडला की पाण्याच्या बाटल्या, पीनट बटरची सँडविचं आणि ॲल्युमिनियमचा कंगवा पाठीवर टाकून बाई निघत. कंगवा केसांसाठी नव्हे, चोया निवडुंगासाठी. हा चोया ओळखदेख नसताना अंगाला बिलगतो, आणि हातानं उपटायला जावं तर हातालाच बिलगतो. तो कंगव्यानंच उडवावा लागतो.

एकोणनव्वद साली खेचरकान डोंगरावर तिची यादी पुरी झाली. याच्या माथ्याला दोन कान. डावा उंच, असं सगळेच धरून चालले होते, म्हणून माथा गाठणाऱ्यांच्या सह्यांची वही डाव्यावर. केकही तिथंच कापला. वर्लीननं तो उभ्याउभ्याच खाल्ला.

"आनंदानं बूड टेकत नाहीये बाईचं!" नवरा डॅरेल म्हणाला होता.

यंदा क्लबच्या मिल्ट ऑसगुडनं नवं यंत्र लावून मोजलं, तर उजवा कान हातभर उंच निघाला! सर्वांत वरच्या दगडाला पाय लागला नसेल तर चढाई बाद, हा क्लबचा नियम. म्हणजे यादी पुरी करणाऱ्यांच्या फलकावरून बाकीच्यांसोबत वर्लीनचंही नाव उतरणार.

"तुझं राहू दे गं," मिल्ट म्हणाला. "अठ्ठ्याहत्तर वय, त्यात तो गुडघा."

"राहू दे? गांधीलमाश्यांना भिऊन वीस फुटांवरून परतला म्हणून सख्ख्या नवऱ्याची चढाई बाद केली मी! मरेपर्यंत टोमणे मारत होता बिचारा. आता स्वतःला सूट देऊ? कुठल्या तोंडानं भेटू त्याला?"

मार्चमधल्या एका शनिवारी दोघं निघाली. मिल्ट दर दहा पावलांना फोटो काढायला थांबे.

"मिल्ट, तोच दगड तिसऱ्यांदा काढतोयस. दम लागलाय मला, आंधळी नाही झाले."

उजव्या कानाचे शेवटचे पंधरा फूट ती चक्क रांगत चढली. सर्वांत वरच्या दगडावर हात टेकला आणि जागीच थबकली. दगडाच्या फटीत कंगवा होता, ॲल्युमिनियमचा. त्यावर खिळ्यानं कोरलेलं तिचंच नाव.

वर्लीन इतकी हसली, की मिल्टला वाटलं ऊन लागलं.

"अरे, त्या दिवशी केकच्या आधी चोयावर बसले होते मी! तुम्ही सात पुरुष डाव्या कानावर. मी जाणार कुठं? इथं आले, या दगडावर उभी राहून तुम्ही कुणी बघत नाही ना ते पाहिलं, मग पलीकडं उतरून पँट सोडली. परत येताना कंगवा इथं ठेवला आणि पट्टा बांधायच्या गडबडीत विसरले."

"म्हणजे आमच्यात यादी खरी पुरी केलेली तू एकटीच!" मिल्टनं कपाळाला हात लावला. "आज उगाच दमलीस की!"

"उगाच कसं? कंगवा मिळाला!"

मिल्टनं उजव्या कानासाठी कोरी वही आणली होती. पहिल्या ओळीत वर्लीननं एकोणनव्वद सालची तारीख टाकून सही केली, दुसऱ्या ओळीत आजची. मग जरा थांबून खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'डॅरेल, इथंही तुझं हातभर राहिलंच.'