बेटावरच्या बंबाची चौकशी

माझ्या नणंदबाईंना 'कशी आहेस?' असं सरळ विचारता येत नाही. घरात कुणी तापाने फणफणलेलं असो, परीक्षा देऊन आलेलं असो की ऑफिसात साहेबाशी भांडून आलेलं असो, त्यांचा प्रश्न ठरलेला. "आज सकाळपासून काय काय केलंस?" मग समोरच्याने उठल्यापासूनचं सगळं सांगायचं. उठलो, चहा घेतला, पेपर वाचला, इथवर ठीक आहे. पण त्या खनपटीला बसतात. चहा अख्खा संपवलास की कपात राहिला? पेपर वाचलास की नुसता चाळलास? लग्न होऊन मी आले त्या आठवड्यातच त्यांनी मला असं सोलून काढलं, तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं होतं, "तुमची बहीण पोलिसात असती तर गावातले चोर आपल्या पायांनी कोठडीत जाऊन बसले असते."

त्या पोलिसात नाहीत, विमान कंपनीत आहेत. विमान चालवत नाहीत आणि त्यात चहाही वाटत नाहीत, त्यामुळे त्या नेमकं काय करतात हे आमच्या नातेवाइकांना आजवर उमगलेलं नाही. समुद्रापलीकडच्या देशांत जाणाऱ्या विमानांचे मार्ग त्या आखतात. कुठून जायचं, किती उंचीवरून, वारा कुठे साथ देईल, इंधन किती घ्यायचं, आणि तेवढं इंधन घेतल्यावर माणसं आणि सामान किती घेता येईल, हे सगळं विमान सुटायच्या आधी ठरवायचं. माझी मावशी अजून विचारते, "आकाशात कसले आलेत रस्ते? नाकासमोर जायचं की!" खरं तर मलाही ते कोडंच होतं. मी शिवणकाम करते. ज्या गोष्टीला माप नाही ती माझ्या डोक्यात शिरत नाही.

एका सुट्टीच्या दुपारी मी वन्संचा पिच्छाच पुरवला. त्यांनी माझ्या लेकीचा शाळेत असतानाचा जुना जगाचा नकाशा माझ्या कापायच्या टेबलावर पसरला, माझाच खडू घेतला आणि स्वयंपाकघरातून एक वाटी आणली.

"आपल्या विमानाला इंजिनं दोन," त्या म्हणाल्या. "एक बंद पडलं तरी ते दुसऱ्यावर उडतं. पण मग पुढे रेटायचं नाही, जवळची धावपट्टी गाठायची. ती किती लांब असून चालेल याला मर्यादा आहे. ही वाटी म्हणजे ती मर्यादा."

अलीकडच्या किनाऱ्यावरच्या विमानतळावर त्यांनी वाटी पालथी घातली आणि भोवती खडू फिरवला. पलीकडच्या किनाऱ्यावर तसंच केलं. मधला समुद्र उघडाच राहिला.

"या उघड्या जागेतून जायचं नाही," त्या म्हणाल्या. मग समुद्राच्या मधोमध, मला चष्म्यातूनही धड न दिसणाऱ्या एका ठिपक्यावर त्यांनी वाटी ठेवली. तिसरं वर्तुळ दोन्हीकडच्या वर्तुळांना जाऊन भिडलं. "आता जायचं."

"हा ठिपका म्हणजे काय?"

"बेट. एक धावपट्टी, थोडी घरं आणि आगीचा एक बंब. बंब चालू नसेल तर ती धावपट्टी मोजायची नाही."

"तुमची विमानं उतरतात तिथे?"

"मी नोकरीला लागल्यापासून एकही नाही."

"मग ती माणसं दिवसभर करतात तरी काय?"

"तयार राहतात."

एवढं बोलून त्यांनी वाटी धुऊन जागेवर ठेवली. मला मात्र त्या बेटाने पछाडलं. ज्यांच्याकडे कधी कुणी येत नाही अशी ती माणसं, आणि त्यांच्या जिवावर रोज वरून शेकडो लोक झोपा काढत समुद्र ओलांडणार! बंब लाल असेल का? तिथे बायका असतील का, आणि त्या नवऱ्यांना 'आज तरी कुणी आलं का हो?' असं चिडवत असतील का? विचाराच्या नादात मी एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला एक काज जास्तीचं केलं. तो भला माणूस काही बोलला नाही, फक्त दुसऱ्या शिंप्याकडे जायला लागला.

पुढे कंपनीने घरच्यांना ऑफिस दाखवायचं ठरवलं तेव्हा मी सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसले. विमानांची एवढी उस्तवार करणारी खोली, पण तिला खिडकी नव्हती. एसीमुळे ज्याच्या त्याच्या खुर्चीवर स्वेटर, टेबलावर संगणकाचे तीन-तीन पडदे, भिंतीवर निरनिराळ्या देशांच्या वेळा दाखवणारी घड्याळं. वन्संच्या टेबलावर जेवणाचा डबा होता आणि तो बंद होता. जेवणाची वेळ केव्हाच टळून गेली होती.

मी खुर्ची ओढून बसतेय तोवर त्यांनी फोन लावला. "भाऊ, आज सकाळपासून काय काय केलंत?"

मला हसूच फुटलं. म्हणजे बेटावरच्या बंबवाल्यालाही हेच! पलीकडून एक घोगरा आवाज तक्रार न करता सांगत होता. बंब धावपट्टीच्या टोकापर्यंत नेला, पाण्याचा फवारा मारून पाहिला, नळी एका जोडाशी गळत होती ती बदलली, येताना धावपट्टीवरची दोन कुत्री हाकलली. वन्सं शांतपणे ऐकत होत्या. "कुत्री परत आली का?" एवढंच त्यांनी शेवटी विचारलं.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अहो, बंब ठीक आहे ना, एवढं विचारलं तर चालत नाही का?"

"सगळं ठीक आहे का, असं विचारलं की माणूस हो म्हणतो, वहिनी. खोटं बोलत नाही तो. सवयीने म्हणतो. काय केलं विचारलं, की त्याला आठवावं लागतं."

"पण बंब चालू आहे की नाही हे तुम्हाला कागदावर येत असेलच की."

"येतं. पण कागद माणसाच्या मागून येतो." मग त्यांनी पडद्यावरचा आराखडा दाखवला. खाली दोघांच्या सह्या लागतात, एक कॅप्टनची आणि एक यांची. दोघांपैकी एकालाही पटलं नाही तर विमान जागचं हलत नाही. काही झालं तर जाब दोघांना. "कॅप्टन निदान स्वतः विमानात असतात," वन्सं म्हणाल्या. "मी इथे खुर्चीत."

हे सगळं मला पटलं होतं, कौतुकही वाटलं होतं. माझ्यावर शेकेपर्यंत कौतुक वाटायला काय जातं?

माझी एकुलती एक लेक त्याच समुद्रापलीकडे राहते. तिचं पहिलं बाळंतपण आलं आणि नेमका जावई कामासाठी दुसऱ्या शहरात अडकला. बाळ यायच्या आत मी तिच्याजवळ पोचायचं, असं मी तिला वचन दिलं होतं. वन्संच्या नोकरीमुळे घरच्यांना पास मिळतो. जागा उरली तर बसायचं, नाही तर नाही. माझी जागा उरली. हातात बोर्डिंग कार्ड आलं, बॅगेत मऊ कापडाची झबली, आणि मी दारातल्या रांगेत उभी. पुढे दोनच माणसं होती, तेवढ्यात माझ्या नावाचा पुकारा झाला.

काउंटरवरची मुलगी अगदी गोड बोलत होती. वजन कमी करावं लागतंय, पासवाल्या प्रवाशांना आज जाता येणार नाही. "का पण?" मी विचारलं. "मार्ग बदललाय, मॅडम. लांबून जावं लागतंय, म्हणून इंधन जास्त."

मार्ग बदललाय! तो बदलणारी कोण, हे त्या अख्ख्या विमानतळावर माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन लावला तर वन्संनी उचलला नाही. काचेपलीकडे विमान मागे सरकलं, वळलं आणि गेलं. मी तिथल्या खुर्चीवर बसून चक्क रडले.

घरी पोचते न पोचते तोच त्यांचा फोन आला. "वहिनी, बेट आज चालत नव्हतं."

"म्हणजे तसा कागद आला?"

"नाही. कागदावर चालू होतं."

"मग?"

"भाऊंना विचारलं, सकाळपासून काय केलंत. त्यांनी आवराआवर केली, झाडलोट केली, सगळं सांगितलं. बंबाचं नावच काढलं नाही. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, सुरूच होत नाहीये, दुरुस्ती चाललीय, होईल थोड्या वेळात. साहेब आले की कळवणार होते. मी बेट सोडलं आणि किनाऱ्याजवळून मार्ग आखला. कॅप्टनना पटलं."

"आणि त्यापायी मला रांगेतून काढलंत! इतक्या वर्षांत जिथे एक विमान उतरलं नाही, त्या बेटासाठी! आजच उतरणार होतं का ते?"

"बहुतेक नाही," वन्सं म्हणाल्या. बस. चुकलं नाही, माफ करा नाही. मी फोन आपटला. आणि सांगून ठेवते, ते विमान पुढे अगदी सुखरूप उतरलं. दोन्ही इंजिनं शेवटपर्यंत व्यवस्थित चालली. बेटाची गरज कुणालाच पडली नाही.

आता लेकीला सांगणं भाग होतं. तिने फोन उचलला, मी येत नाही म्हटल्यावर म्हणाली, "जाऊ दे गं आई. मी बरी आहे."

"बरी आहेस ना नक्की?"

"हो, म्हटलं ना."

एरवी मी तेवढ्यावर फोन ठेवला असता. पण डोक्यात वन्संवरचा राग घुमत होता, आणि त्यांचं ते वाक्य मी त्यांना वेडावून दाखवावं तसं माझ्या तोंडून बाहेर पडलं. "आज सकाळपासून काय काय केलंस?"

"काही नाही. पडून आहे."

"का?"

"चालायचा कंटाळा. चपलाच पायात जात नाहीत."

"मग वाचत पडली आहेस का?"

"नाही गं, डोकं ठणकतंय कालपासून. वाचायला गेलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात." आणि मग, आपणच बोललेलं तिला ऐकू आल्यासारखी ती म्हणाली, "आई, मला भीती वाटतेय."

शेजारणीला हाक मार आणि आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जा, असं मी तिला ओरडूनच सांगितलं. रक्तदाब भलताच चढला होता. त्यांनी तिला दाखल करून घेतलं. मी पैसे भरून साधं तिकीट काढलं आणि पुढच्या विमानात बसले. वाटेत खिडकीला नाक लावून मी ते बेट शोधत होते. खाली नुसते ढग होते. मी त्या ढगांवर असतानाच माझी नात जन्माला आली. बाळ यायच्या आत पोचेन म्हणाले होते, ते काही जमलं नाही. लेक एकटीच होती, आणि हे मला अजून लागतं.

हॉस्पिटलात दोघींना धडधाकट पाहिलं तेव्हा जिवात जीव आला. बाहेरच्या व्हरांड्यात येऊन मी वन्संना फोन केला आणि नात झाल्याचं सांगितलं.

"वजन किती?" त्यांनी पहिलं हेच विचारलं. दुसरं काय विचारणार!

मी सांगितलं. मग म्हटलं, "वन्सं, काल मी विमानात बसले असते, तर लेकीला तो प्रश्न कुणी विचारला असता? माझा फोन बंद आणि मी वर."

"ते माझ्या खात्यात धरू नका. ते मी आखलेलं नव्हतं."

बाईंना श्रेय द्यायचीही सोय नाही. मी हसले. "बरं बाई. तुमचं सगळं ठीक ना?"

"ठीक."

एवढं झालं आणि मी फोन ठेवणार होते. मग मनात आलं, या घरात इतकी वर्षं सगळ्यांची चौकशी या करतात, यांची कुणी कधी केली? आणि 'ठीक' एवढं उत्तर मिळालं की आपण समाधानाने फोन ठेवतो. मी पुन्हा फोन कानाला लावला.

"वन्सं, काल सकाळपासून काय काय केलंत?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्या एकेक सांगू लागल्या. आल्यावर स्वेटर घातला. वारा पाहिला. भाऊंना फोन केला. नवा मार्ग आखला. कॅप्टनना समजावलं. "त्यांनी विचारलं, पासवाल्यांत तुमच्या घरचं कुणी आहे का? असलं तर सांगा, आपण सामानाची एखादी पेटी उतरवू, त्यांना राहू देऊ."

"मग?"

"मी म्हटलं, कुणी नाही."

व्हरांड्यातून कुणी तरी ढकलगाडी नेत होतं, मी भिंतीला टेकून तिला वाट दिली.

"मी हो म्हटलं असतं, तर त्या पेटीचं वजन मी नीट मोजलं नसतं, वहिनी. तुम्हाला बसवायचं म्हणून मोजलं असतं. म्हणून कुणी नाही म्हटलं. तुमचा फोन वाजत होता, तो पालथा घातला. मग बाथरूममध्ये गेले." आवाज फुटला. "तुम्ही त्या रांगेत उभ्या आहात हे मला ठाऊक होतं."

आणि माझ्या नणंदबाई रडायला लागल्या. त्यांना रडताना मी कधीच ऐकलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि आपण यांना पोलीस म्हणायचो याची लाज वाटली.

"आज जेवलात का?" थोड्या वेळाने मी विचारलं.

"डबा उघडला होता."

"उघडला की संपवला?"

त्या रडता रडता हसल्या. "उघडला."

"मग तो गरम करा आणि माझ्यासमोर संपवा," मी म्हटलं. "मी फोन धरून बसलेय."