चिरेखाणीचा मुहूर्त

वडिलांच्या मागे माझ्या वाट्याला दगड आले. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. राजापूरजवळच्या सड्यावर, जांभ्या दगडाच्या माळावर, बाबांची चिरेखाण होती, आणि ते गेल्यावर तिला आई आणि मी असे दोनच वारस उरलो.

खाण आईलाच चालवायची होती. (बाबांच्या हयातीतही तीच चालवायची. बाबा सह्या करायचे.) पण परवाना तिच्या एकटीच्या नावावर चढायला माझं 'हरकत नाही' असं पत्र हवं होतं, तेही दोह्यातल्या आपल्या वकिलातीचा शिक्का मारलेलं. तोवर खाण बंद. कामगार झाडाखाली बसून होते, आणि शेजारच्या खाणवाल्याने त्यांना रोज चहाला बोलवायला सुरुवात केली होती!

मी तेव्हा कतारमध्ये एका गॅस कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर होतो. वर्ल्ड कपला अजून काही वर्षं होती, पण येणाऱ्या पाहुण्यांसाठी अख्ख्या देशाने आपलं अंगण उकरून ठेवलं होतं. प्रत्येक खड्ड्याभोवती पत्रे, आणि पत्र्यांवर हिरवी झाडं, हसरी मुलं. चित्र भविष्यकाळातलं, खड्डा मात्र चालू वर्तमानकाळातला.

असल्या देशात एक सही करून आणणं मला सहज जमेल असं वाटलं. (असं मला नेहमीच वाटतं.)

आईने पंचांग काढलं. "गुरुवारी सकाळी साडेआठच्या आत सही कर. मुहूर्ताशिवाय नको हं. बाबांनी तो ट्रक मुहूर्त न बघता घेतला होता, आठवतंय ना?"

आठवत होतं. तो ट्रक आम्ही चालवला कमी आणि ढकलला जास्त.

आईचे साडेआठ म्हणजे दोह्यातले सकाळचे सहा. वकिलात बंद. म्हणून मी बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटमध्येच अंघोळ करून, देवापुढे नारळ ठेवून सही ठोकली. शेजारचे सावंत आणि बायको मेधा साक्षीदार. पेढे वाटले. मग तिघंही ऐटीत वकिलातीच्या खिडकीशी गेलो.

"ये साइन किसने की?" खिडकीतले साहेब.

"मैंने. सुबह, मुहूर्त पे."

"मेरे सामने करनी थी, साब." कागद परत!

"मुहूर्त उत्तम होता हो," सावंत जिना उतरताना म्हणाले. "फक्त साहेब झोपले होते."

आईने दुसरा मुहूर्त काढला. सोमवारी बाराच्या आत. म्हणजे दोह्यातल्या साडेनऊच्या आत, खिडकी उघडल्यावर आम्हाला जेमतेम अर्धा तास. या वेळी मी हयगय केली नाही. आदल्या दिवशी गाडीने जाऊन रस्ता पाहून आलो, वळणन् वळण लिहून काढलं.

सोमवारी तो रस्ताच नव्हता! त्याच्या जागी काँक्रीटचे ठोकळे आणि एक बाण. त्या बाणाने दुसऱ्या बाणाकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे.

"हा पेट्रोल पंप मघाशी पण लागला होता," मेधा म्हणाली.

"तो वेगळा होता."

"पंपावरचा माणूस तोच आहे. आता ओळखीने हात करतोय."

शेवटचा बाण एका अर्धवट स्टेडियमच्या फाटकाशी संपला. रखवालदाराने हात हलवले. "नो एंट्री! खलास! यल्ला, गो बॅक!"

"विचारून तर बघा," मागून सावंत. "फायनलची तिकिटं देत असतील. रांगेत आपलाच नंबर पहिला."

तेवढ्यात राजापुरात बारा वाजले. मी पडेल आवाजात फोन लावला. "आई, मुहूर्त टळला गं. पुढचा काढ."

"बारा कुठे वाजलेत?"

"तुझ्याकडे."

"सही माझ्याकडे करतोयस का? तिथल्या घड्याळात बघ."

"अगं, मग गुरुवारी इथलं घड्याळ का नाही चाललं?"

"गुरुवारी माणसं थांबायला तयार होती रे, बाळू. आज मुकादम विचारत होता, आम्ही जाऊ का शेजारच्या खाणीवर म्हणून."

मी गाडी वळवली. या खेपेला एकही बाण पाळला नाही, मेधा सांगेल तिकडे वळलो, आणि दोह्यातले बारा वाजायच्या आत साहेबांच्या डोळ्यांत डोळे घालून सही केली. शिक्का बसला. बाहेर येऊन फोन केला. मागून माणसांचे आवाज येत होते. आई खाणीवरच होती.

"आई," मी घसा साफ करून, वारसाला शोभेल अशा आवाजात म्हणालो, "माझी हरकत नाही."

"तुझी हरकत?" ती खुदकन हसली. मग फोन तसाच हातात धरून ओरडली, "मुकादम, ऐकलंत का? कुठे जाऊ नका आता. आमच्या बाळूची हरकत नाहीये!"

बाबा गेल्यापासून मुक्या पडलेल्या त्या खाणीत पहिला दणदणीत आवाज झाला, तो सगळे मिळून मला हसल्याचा.