एक इंचाचा समास

पाक योसेफ यांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला. मग पुस्तक पालथं केलं आणि शेवटच्या पानापासून उघडलं. दोन पानं चाळली, मिटलं आणि म्हणाले, "छान झालंय, आंटी. थँक यू."

मी त्यांच्या हातांकडे बघत होते. बाइंडिंगच्या धंद्यात माणसाच्या तोंडाकडे बघू नये, हाताकडे बघावं. छान झालेलं पुस्तक कुणी मागून उघडत नाही.

"मागून का उघडलंत?" मी विचारलं.

"चालेल."

"चालेल का, ते विचारलं नाही मी. चुकलंय का?"

ते लायब्ररियन मिस लिमकडे बघायला लागले. मिस लिम छताकडे बघायला लागल्या. मग माझ्या लक्षात आलं की चूक मोठी आहे.

आधी थोडं सांगते. सिंगापुरात बायबलचा अभ्यास शिकवणारं एक कॉलेज आहे. तिथल्या लायब्ररीच्या तळघरात मी फाटकी पुस्तकं दुरुस्त करायची. मी ख्रिस्ती नाही. शिकले चौथीपर्यंत. नगरला एका मिशनच्या प्रेसमध्ये लग्नाआधी सहा वर्षं बाइंडिंग केलं, तेवढीच विद्या. आमचे मिस्टर इथे शिपयार्डात फिटर होते. तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये दिवसभर बसून मी कंटाळले, म्हणून काम शोधलं. कॉलेजने धर्म विचारला नाही, सुई कशी धरते ते बघितलं.

हे सगळं नव्याण्णव सालचं. इंडोनेशियात पूर्वेकडच्या बेटांवर ख्रिस्ती आणि मुसलमान वस्त्यांत मारामाऱ्या पेटल्या होत्या. दोन्हीकडची घरं जळत होती. तिथे बायबलच्या जुन्या भाषा शिकवणारी एक लहानशी शाळा होती. तिचे एकतीस विद्यार्थी आणि तीन शिक्षक होडीतून दुसऱ्या बेटावर गेले आणि मासळीच्या एका रिकाम्या गोदामात राहिले. पुस्तकं मागे राहिली आणि जळाली. पाक योसेफ हे त्यांतले हिब्रूचे शिक्षक. पाक म्हणजे आपल्याकडे गुरुजी म्हणतात तसं. बारीक चणीचे, पन्नाशीचे, एकाच शर्टावर आलेले. सोबत एक फाइल होती, तीत त्यांनी वीस वर्षांत हाताने लिहिलेले वाचनाचे धडे. आमच्या कॉलेजने त्याच्या चाळीस प्रती करून द्यायचं कबूल केलं. झेरॉक्स मिस लिमनी काढायचे, पुस्तकं मी बांधायची.

पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं होतं. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत आणि बाजारातल्या मलयमध्ये चालायचं. "तिकडे घरं जळताहेत आणि तुम्ही मेलेल्या भाषेचं व्याकरण शिकवता. कशाला?"

मिस लिम दचकल्या. "आंटी, असं विचारत नाहीत लाह." इथली माणसं वाक्याच्या शेवटी लाह लावतात.

पाक योसेफ मात्र हसले. "हिब्रूचं एक पान वाचायला आमच्या मुलांना अख्खी सकाळ लागते. तेवढी सकाळ शांत जाते." मग हसू गेलं. "पुस्तकं नसली की वर्ग नाही. वर्ग नसला की मुलं आपापल्या गावी परततील. तिथे त्यांच्या हातात काय देतील, ते मला माहीत आहे."

मला हे पटलं. आमच्या प्रेसमध्येही हातात काम असलं की बायका भांडायच्या नाहीत.

तर चूक काय होती ते सांगते. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. हे मला ठाऊक होतं. पण पुस्तकही उजवीकडून उघडतं, म्हणजे पुस्तकाचा कणा, पानं जिथे शिवतात ती कड, उजव्या हाताला येतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, बाई, त्या लायब्ररीत हिब्रू पुस्तकं दुरुस्त केलीच असतील. केली होती. पण फाटकं पुस्तक आलं की ते जसं होतं तसं बांधायचं. कणा कुठे, ते पुस्तकच दाखवतं. नवं पुस्तक काही दाखवत नाही.

मिस लिमना झेरॉक्सच्या आधी मीच सांगितलं होतं, डावीकडे एक इंच समास सोडा, टाके घालायला जागा लागते. त्यांना वाटलं, आंटीला माहीत असेल. मला वाटलं, त्यांना माहीत असेल.

"उलटं बांधलं तर वाचता येणार नाही का?" मी विचारलं.

पाक योसेफनी शेवटी पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं. "आंटी, आमची दोन पानं मिळून एक ओळ होते. उजव्या पानावर मूळ वचन. डाव्या पानावर त्याच ओळीसमोर प्रत्येक शब्दाचा अर्थ. मुलाचं बोट उजवीकडून निघतं आणि सरळ डाव्या पानावर जातं. इथे पानांची अदलाबदल झालीय. बोट ओळीच्या टोकाला पोचलं की पुस्तकच संपतं."

त्यांनी बोट फिरवून दाखवलं. बोट टेबलावर जाऊन थांबलं.

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पंधरा पुस्तकं बांधली होती. मी इथे पाहुणा आहे."

"पाहुणे तुम्ही. शिकायचंय तिकडच्या मुलांना."

त्यांनी पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं. बरं झालं.

तो बुधवार होता. खोके शनिवारी दुपारी बाराच्या आत एजंटकडे द्यायचे होते. त्याचं ऑफिस आज ज्याला हार्बरफ्रंट म्हणतात त्या बाजूला होतं. त्यानंतरचं जहाज कधी, ते तो सांगत नव्हता. तिकडे गडबड असली की जहाजं ते बंदर सोडून पुढे जायची.

"पुन्हा झेरॉक्स काढू या," मिस लिम म्हणाल्या.

"तुमचं मशीन कुठाय?"

मशीन आठ हजार पानं ओढून सोमवारीच बंद पडलं होतं. मेकॅनिक पुढच्या आठवड्यात येणार होता. मिस लिम खुर्चीवर बसल्या. "आंटी, कॅन ऑर नॉट?"

"बघू दे."

मी एक सुटा गठ्ठा घेतला. कणा उजवीकडे घ्यायचा तर त्या कडेला समास उरत होता पाव इंच. टाके घातले असते तर प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द शिवणीत गेला असता. टाके नकोत, मग धरून कसं ठेवायचं? नगरला आमच्या प्रेसमध्ये राइटिंग पॅड नुसत्या गोंदाने बांधायचे. गठ्ठा पंख्यासारखा एकीकडे वाकवायचा, कडेला गोंद लावायचा, मग दुसरीकडे वाकवून पुन्हा लावायचा. म्हणजे प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंना केसाएवढा गोंद बसतो आणि पान शेजारच्या पानाला धरतं. समास लागतच नाही. पण पॅडचं पान फाडण्यासाठीच असतं. हे पुस्तक दमट गोदामात एकतीस जणांच्या हातांत टिकायला हवं होतं.

म्हणून कण्यात आडव्या खाचा पाडायच्या आणि त्यांत गोंदात बुडवलेला दोरा बसवायचा, असं ठरवलं. हे मी कधी केलेलं नव्हतं. आमचे जुने मिस्त्री करायचे, ते लांबून बघितलं होतं.

मी घरी फोन केला. "अहो, हॅक्सॉ घेऊन लायब्ररीत या. आणि मोठे क्लॅम्प."

"काय कापायचंय?"

"पुस्तकं."

"तुला काढून टाकलं का कामावरून?"

"अजून नाही. या लवकर."

हे गुरुवारी सकाळी बॅग घेऊन आले. लायब्ररीच्या दारात लोखंड कापायची ती करवत बघून मिस लिमनी डोळे मिटून घेतले. यांनी दोन लाकडी पट्ट्यांमध्ये गठ्ठा आवळला, मोजला आणि पाच खाचा पाडल्या. सगळ्या एका मापाच्या. "जहाजाच्या प्लेटपेक्षा सोपं आहे," ते म्हणाले. "हे निदान ओरडत नाही."

पाक योसेफना मी बांधलेली पंधरा पुस्तकं उसवायला बसवलं. आधी ते नको म्हणत होते, चांगलं काम मोडवत नाही म्हणाले. मी म्हटलं, "मोडा. हे चांगलं काम नाही, नीटनेटकी चूक आहे." मग बसले. उसवलेल्या गठ्ठ्यांच्या एक इंची समासात सुईची तीन तीन भोकं राहिली. तो समास आता बाहेरच्या कडेला आला होता. कापून टाकायला वेळ नव्हता. तसाच ठेवला.

शुक्रवारी पुठ्ठे चढवले. शनिवारी सकाळी मी एक पुस्तक घेतलं, उघडलं आणि एका पानाला धरून लोंबकळत ठेवलं. यांनी घड्याळ लावून पाच मिनिटं मोजली. पान निघालं नाही. पाक योसेफनी उजवीकडून उघडून बोट फिरवलं. बोट एका पानावरून दुसऱ्यावर गेलं आणि अर्थावर थांबलं.

"आता खरं सांगा," मी म्हटलं.

"तिसऱ्या पुस्तकाचा पुठ्ठा वाकडा आहे," ते म्हणाले.

तो मी बदलला. साडेअकराला खोके एजंटकडे पोचले.

डिसेंबरात पाक योसेफ पुन्हा आले. त्यांनी एक प्रत आणली होती. तीन भोकांच्या पंधरांतली. भोकांतून मासे पकडायचा नायलॉनचा दोर ओवलेला होता. गोदामाच्या जमिनीवर पाणी यायचं, म्हणून मुलांनी पुस्तकं वाशांना टांगून ठेवली होती. पानं पिवळी पडली होती, पण एकही सुटलं नव्हतं. बाहेरचा एक इंच समास वरपासून खालपर्यंत बारीक अक्षरांनी भरला होता. वह्या तिकडे मिळतच नव्हत्या. सगळा वर्ग तिथेच लिहायचा.

"परीक्षा झाली?"

"झाली. सव्वीस जण बसले."

"आणि बाकीचे पाच?"

"दोघं निर्वासितांच्या कॅम्पमध्ये आईवडिलांपाशी आहेत. तिघांचं कळलं नाही."

मी पुढे विचारलं नाही. त्यांनी दुसरी फाइल टेबलावर ठेवली. पुढच्या वर्षाचे धडे.

"समास?" मी विचारलं.

"बाहेर. एक इंच. चुकून होता तसाच."

"भोकं?"

त्यांनी जुन्या प्रतीच्या भोकांवरून बोट फिरवलं. "तीन," म्हणाले. "तुम्हाला चालत असेल तर."

त्यानंतर मी नवं पुस्तक हातात आलं की ते कुठून उघडायचं, हे वाचणाऱ्याला आधी विचारत आले. आणि तो 'चालेल' म्हणाला, तर पुन्हा विचारत आले.