शेळीचे वरचे दात

आमच्या वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, चाळिशीत शहरात कामाला गेल्या. तिथल्या छापखान्यात गमतीची चित्रं निघायची, त्यांत हाताने रंग भरायचं काम. लांबलचक टेबल, एकीकडे तांबडा, दुसरीकडे पिवळा, असं चित्र पुढे सरकायचं. वन्संकडे तपकिरी. आठ दिवस हात बघायचा, मग कायम करायचं नाहीतर घरी धाडायचं, असं मालकांनी सांगितलेलं. घरी म्हणजे आमच्याच दारात. ते त्यांना नको होतं. खरं सांगते, मलाही फारसं नको होतं.

चित्रं सगळी एकाच मासल्याची. खेडवळ शहरात येतो, आ वासून बघतो, कुणीतरी त्याला लुबाडतं. टेबलावरच्या बायका विचारायच्या, "काय हो काकू, हा तुमचा भाऊ का?"

"छे, भाऊ याहून बावळट आहे," वन्सं म्हणायच्या. आता त्यांचा भाऊ म्हणजे आमचे हेच की!

सातव्या दिवशी नवं चित्र आलं. लबाड व्यापारी म्हातारी शेळी तरणी म्हणून खेडवळाच्या गळ्यात मारतोय, आणि शेळीसुद्धा दात विचकून हसतेय. वन्संनी कुंचला खाली ठेवला.

"मालक, हिला पुढचे वरचे दात काढलेत. शेळीला ते नसतात."

टेबलभर हशा. चित्रकार म्हणाला, "बाई, रंग भरा. अक्कल आमच्याकडे आहे."

"उद्या आठवा दिवस," मालकांनी आठवण करून दिली.

वन्संनी तरी रंग काही लावला नाही. "समोर दूधवाल्याची शेळी बांधलीय. वर दात दिसला तर आजच गाठोडं बांधते."

सगळे रस्त्यावर. वन्संनी शेळीचा ओठ वर केला. नुसती हिरडी! चित्रकाराने बोट घालून खात्री केली. शेळीने ते निवांत चघळलं.

"गावोगावच्या बाजारांत खपतात हो ही चित्रं," मालकांनी कपाळाला हात लावला. "लोक आपल्याला हसले असते."

"आपल्याला नाही, यांना," वन्सं चित्रकाराकडे बघत म्हणाल्या.

त्या तिथेच कायम झाल्या. शिवाय चित्रकाराचा कच्चा कागद आधी त्यांच्यापुढे येऊ लागला. ते चित्रही त्यांनी बदलायला लावलं: खेडवळ शेळीचं तोंड उघडून खालचे झिजलेले दात दाखवतोय, अन् व्यापाऱ्याला दरदरून घाम फुटलाय.

छापखान्याच्या काचेपाशी ही गर्दी! बाजाराला आलेला एक म्हातारा पाटी खाली ठेवून एका कोटवाल्या साहेबाला समजावत होता, जबडा नेमका कुठे धरायचा ते.