घरात करमत नाही

आई अंगणात सुमीची वेणी घालत होती. सुमी माझी धाकटी बहीण, यंदा दहावीला. गुंत्यात फणी अडकली तरी ती गप्पच. एरवी तिने गल्ली डोक्यावर घेतली असती.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"काही नाही दादा. करमत नाही."

करमत नाही, हे आपण परगावी म्हणतो. हॉस्टेलवर गेलो तेव्हा मीही रोज म्हणायचो. पण घरात, आईच्या पुढ्यात बसून करमत नसेल, तर माणसाने जायचं कुठे? नैराश्य हा शब्द मी कॉलेजात ऐकला. आमच्याकडे कदाचित त्याच्या जागी 'करमत नाही' हेच असावं, आणि आपण ते ऐकून सोडून देत असू. मरणाचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारावं, विचारल्याने नसलेला विचार मनात येत नाही, असं एका मॅडमनी तिथे सांगितलं होतं. मी सुमीच्या समोर जाऊन बसलो.

"सुमे, जगूच नये असं वाटतं का?"

आईचा हात थांबला.

"कधीकधी," सुमी म्हणाली.

आईने तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. "मग मी भांडू कुणाशी गं?" म्हणाली. आणि मला, "तालुक्याला डॉक्टर उद्या असतात का, विचार. आज तिला एकटं सोडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी एसटीत मी खिडकीशी बसलो होतो.

"सरक दादा, तिथे मी बसणार."

कितीतरी दिवसांनी तिने काहीतरी मागितलं होतं. मी मुद्दाम जरा भाव खाल्ला, तिने आणखी एकदा मागावं म्हणून.